दिवेलागणीचा खराटा

१

संध्याकाळी पाचला घरी आलं की रुचा पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी चहाचं आधण ठेवायची. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एका कंपनीत ती प्रोग्रॅमर होती. दिवसभर स्क्रीनवरच्या रकान्यांत डोकं घालून बसल्यावर किसलेल्या आल्याचा वास आला की तिला खरं घरी आल्यासारखं वाटायचं. नवरा केदार रीसर्च ट्रँगल पार्कमध्ये नोकरीला होता, पण आय-फॉर्टी हायवेच्या ट्रॅफिकमधून सातच्या आत काही पोचायचा नाही. त्यामुळे मधला वेळ तिचा आणि तिच्या धाकट्या भावाचा, सिद्धेशचा.

सिद्धेश दूरच्या एका युनिव्हर्सिटीत ज्वालामुखींवर पीएच.डी. करत होता. जावा बेटावर एका धुमसत्या डोंगराच्या पायथ्याशी, खेड्यात चार महिने राहून तो जानेवारीत परतला होता. "दोन आठवडे शांतपणे थीसिस लिहितो, ताई," असं म्हणून फेब्रुवारीत तो कॅरी गावी बहिणीकडे आला, आणि दोनाचे तीन आठवडे होऊन गेले तरी जायचं नाव काढत नव्हता. गॅरेजच्या डोक्यावर जी मोठी बोनस रूम होती तिथे त्याचा मुक्काम. रुचानंही कधी विचारलं नाही. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तो अकरा. त्याच्या परीक्षा, त्याचे ताप, त्याचे हट्ट, सगळं तिनंच काढलं होतं.

मार्च २००७ चा पहिला आठवडा होता. साडेपाच वाजले असतील. रुचा आलं किसत होती आणि वरून आवाज आला.

खर्र… खर्र… खर्र. मग जरा थांबून पुन्हा.

तिच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की दिवेलागणीला कोण झाडतंय. चिपळूणला आईनं लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, दिवेलागणीला केर काढू नये. तिच्या तोंडून "अगं, थांब" निघणारच होतं.

मग तिचा हात किसणीवर थांबला. हा केरसुणीचा आवाज नव्हता. खराट्याचा होता, नारळीच्या हिरांचा ताठ खराटा, अंगणातल्या मातीवर ओढलेला. या घरात खराटा नव्हता. अंगण नव्हतं. आणि वरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड गालिचा होता, ज्याच्यावर माणूस नाचलं तरी खाली आवाज येत नसे.

आधण उतू गेलं तेव्हा ती भानावर आली. वरचा आवाज थांबला होता.

२

सिद्धेश चहाला खाली आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. पण थीसिस लिहिणारी सगळीच पोरं तशी दिसतात.

"वर काही झाडत होतास का रे?" तिनं सहज विचारलं.

"व्हॅक्यूम?"

"नाही. खराट्यासारखा आवाज आला."

त्यानं कप खाली ठेवला. ती त्याच्याकडेच बघत होती म्हणून तिला दिसलं, की ठेवताना त्याला बशी सापडली नाही. कप टेबलावर आपटला.

"तुला कधीपासून ऐकू येतंय?"

"कधीपासून म्हणजे? आत्ताच आला."

"हां," तो म्हणाला आणि हसला. "प्रिंटर असेल. एकशे चाळीस पानं काढत होतो, तिसऱ्या चॅप्टरचे ग्राफ. त्याचा रोलर खराब झालाय, अकराव्या पानानंतर घासतो. मी कव्हर काढून पाहिलं, आत प्लॅस्टिकचा एक तुकडा आहे पिवळा, तो..."

रुचा ऐकत राहिली. लहानपणापासून सिद्धेश खोटं बोलायला लागला की असाच बारीकसारीक तपशील द्यायचा. खरं बोलताना त्याला चार शब्द पुरायचे.

तो आल्यावर पहिल्याच शनिवारी त्यानं टीव्हीला कॅमेरा जोडून जावाचे फोटो दाखवले होते. डोंगराच्या अंगावर कोबीचे आणि तंबाखूचे वाफे, डोक्यावर गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या बायका, बांबूच्या भिंतींचं घर, चुलीभोवती शेकत बसलेली माणसं. ज्यांच्या घरी तो राहिला ते पाक गिमान आणि त्यांची बायको बू सुमी. "पाक म्हणजे आपलं काका, बू म्हणजे काकू," त्यानं समजावलं होतं. पन्नाशीचे पाक गिमान त्याला वाट दाखवायला डोंगरावर न्यायचे. त्याच्या आधी चालायचे, त्याचं ओझंही घ्यायचे. शेवटच्या फोटोत ते पाठमोरे होते. काळ्या वाळूचा उभा चढ, पाठीवर टोपली, वर धूर.

"पुढचे?" केदारनं विचारलं होतं.

"बॅटरी संपली," सिद्धेश म्हणाला होता.

तेव्हा त्याला दोनच शब्द पुरले होते, म्हणून रुचाला काही वाटलं नाही.

३

केदार नागपूरचा. त्याला कुठल्याही गोष्टीचं कारण सापडल्याशिवाय जेवण जायचं नाही. शनिवारी तो घरी होता, आणि साडेपाचला त्यानंही ऐकलं. सोफ्यावरून उठून तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, मान वाकडी करून.

"हीटिंगचा डक्ट आहे," त्यानं निकाल दिला. "थर्मोस्टॅट साडेपाचला हीट चालू करतो. पत्रा गरम झाला की फुगतो, खरखरतो. सिंपल आहे यार."

रुचाला हायसं वाटलं. इतकं, की तिनं त्या संध्याकाळी वांग्याची भाजी जास्तीची केली.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकली. दर वर्षीसारखं केदारनं स्वयंपाकघरातलं, गाडीतलं, आणि आठवणीनं थर्मोस्टॅटचंही घड्याळ पुढे केलं. सोमवारी रुचा चहाचा कप घेऊन भिंतीवरच्या थर्मोस्टॅटसमोर उभी राहिली. बरोबर साडेपाचला आत टक झालं, हीट सुरू झाली, जाळीतून गरम हवा आली. वरून काहीच आवाज नाही. सहाला नाही. तिनं चहा संपवला, कुकर लावला, आपल्या वेडेपणाला मनातल्या मनात हसली.

साडेसहाला आवाज सुरू झाला.

खर्र… खर्र… खर्र.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. घरातलं प्रत्येक घड्याळ एक तास पुढे गेलं होतं. जे कोणी झाडत होतं त्याचं घड्याळ बदललं नव्हतं. ते घड्याळावर चालतच नसावं.

तिनं बोटांवर तास मोजले. आकड्यांचंच काम करणारी बाई, पण तीनदा मोजावं लागलं. आत्ता इथे संध्याकाळचे साडेसहा. जावात उद्याचे पहाटेचे साडेपाच. तिकडे उजाडत असणार. तिकडे ही अंगण झाडायचीच वेळ.

४

मार्च संपता संपता कॅरीत पाइनच्या झाडांचे परागकण झडायला लागले. गाड्या, पायऱ्या, पत्रपेट्या, सगळ्यावर हळदीसारखा पिवळा थर. बाहेरून आत आलं की बोटं पिवळी. अशा दिवसांत दर वर्षी केदार हवेचा फिल्टर बदलायचा, आणि जुना निघायचा तोही पिवळा.

या वेळचा करडा निघाला. गव्हाच्या पिठाइतकी बारीक, पण करडी भुकटी. केदारनं बोटावर घेऊन चोळली, वास घेतला.

"काडेपेटीसारखा येतोय," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "भिंतींचा चुना असेल. नवीन घरं आहेत, बिल्डर काहीही वापरतात." फिल्टर त्यानं दोन पिशव्यांत बांधून बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. हात मात्र बराच वेळ धूत राहिला.

गुरुवारी रुचा घरून काम करायची. दुपारी तीनच्या सुमाराला ती खाण्याची बशी घेऊन वर गेली. दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबली.

सिद्धेशनं सगळं सामान भिंतींकडे सरकवलं होतं. पलंग एका कोपऱ्यात, टेबल दुसऱ्या, पुस्तकांचे खोके कडेकडेनं रचलेले. मधली जागा मोकळी. मोकळ्या गालिच्यावर ओळी होत्या. व्हॅक्यूम फिरवला की गालिच्यावर सरळ पट्टे उमटतात तशा नव्हे. अर्धगोल, पंख्यासारख्या, एकीला लागून एक. वाकून, एका हातानं, मागे मागे सरकत खराटा मारला की अंगणात उमटतात तशा. चिपळूणच्या अंगणात ती रोज सकाळी तशा ओळी बघतच मोठी झाली होती.

सिद्धेश पलंगावर पाय वर घेऊन बसला होता, मांडीवर लॅपटॉप. "ठेव तिथेच, ताई. मी येतो."

तो उठला. सरळ चार पावलांत दार होतं. पण तो भिंतीला पाठ लावून, टाचा भिंतीला चिकटवून, सगळ्या खोलीला वळसा घालून आला. टेबलामागून, खोक्यांवरून पाय टाकत.

"हे काय?" रुचा म्हणाली. "मधून का येत नाहीस?"

त्यानं बशीतला एक चिवड्याचा दाणा उचलला आणि तसाच बोटांत धरून ठेवला.

"पाय उमटले की ती पुन्हा पहिल्यापासून झाडते," तो म्हणाला. "मग खूप वेळ चालतं."

५

तिनं त्याला खाली आणलं, डायनिंग टेबलाशी बसवलं, आणि लहानपणी करायची तसा त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"कोण झाडते?"

"बू सुमी."

"सिद्धेश, ती बाई तिकडे आहे."

"मला माहीत आहे ती कुठे आहे." त्याचा आवाज शांत होता, आणि तेच रुचाला सहन होईना. "डोंगरावरून राख पडायची, ताई. रोज थोडी. ती पहाटे उठून अंगण झाडायची. पाक गिमान वर गेले की त्यांच्या मागे सगळं अंगण झाडून साफ, आणि मग ते परत येईपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. आम्ही सगळे कडेनं जायचो. गावात दुसरं कुणी करत नव्हतं असं. तिचं आपलं तिचं होतं. अंगणात पहिली पावलं त्यांची उमटली पाहिजेत."

"मग?"

तो मोकळ्या हाताच्या नखानं टेबलावरचा एक डाग खरवडायला लागला.

"मग, सिद्धेश?"

"वर जायला बंदी होती. मला दोन नमुने हवे होते. ते नको म्हणाले. मी दोन दिवस मागे लागलो."

भाऊ छोटी वाक्यं बोलत होता.

"कड्याच्या आतल्या बाजूला त्यांचा पाय सुटला. वीस फूट गेले खाली. मांडी मोडली. शुद्धीवर होते. म्हणाले, तू जा, माणसं घेऊन ये."

"आणि तू आलास खाली."

"आलो."

"माणसं घेऊन गेलास."

तिच्या हातातला त्याचा हात गार पडत गेला.

"वाटेत वाटलं, बंदी मोडली म्हणून आत टाकतील. डिग्री गेली, व्हिसा गेला. म्हटलं, तासभर विचार करू, मग सांगू. अंगणाच्या कडेला बू सुमी उभ्या होत्या. मी म्हटलं, ते पलीकडच्या उतारानं भावाकडे गेलेत, दोन दिवसांत येतील. तोंडातून निघून गेलं. मग तो तास गेला. दुसऱ्या दिवशी सांगायचं, तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"किती दिवस राहिलास तिथे?"

"पाच."

"तिच्या हातचं जेवलास?"

"हो."

"तिनं विचारलं नाही?"

"एकदाही नाही. वाढायची आणि माझ्याकडे बघत बसायची. मग मी निघून आलो."

रुचानं त्याचा हात सोडला. आपण सोडला हे तिला नंतर कळलं.

"ते बोलत होते, ताई," सिद्धेश म्हणाला. "मी उतरत होतो तेव्हा. बराच वेळ ऐकू येत होतं."

६

त्यानंतरचे तीन तास रुचानं काय केलं ते तिला पुढे नीट आठवेना. तिनं ऑफिसचा एक कॉल घेतला होता हे नक्की, कारण दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिच्या मुद्द्याबद्दल थँक्यू म्हणून ई-मेल केली. मशीनमधले ओले कपडे तिनं ड्रायरऐवजी पुन्हा धुवायलाच लावले होते. साडेसहाला वर आवाज सुरू झाला तेव्हा ती भाजी चिरत होती, आणि चिरतच राहिली. या आवाजाची भीती आता तिला वाटत नव्हती. तिला भीती वाटत होती ती वर पलंगावर पाय घेऊन बसलेल्या मुलाची, ज्याला तिनं घास भरवले होते, शुभंकरोति शिकवलं होतं, खोटं बोलू नये म्हणून एकदा पट्टीनं मारलंही होतं.

केदार आल्यावर तिनं त्याला गॅरेजमध्ये नेऊन सगळं सांगितलं. तो गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत राहिला. पिवळ्या परागानं त्याच्या शर्टाला पाठीमागे मोठा डाग पडला.

"आधी वकिलाशी बोलू," तो शेवटी म्हणाला. "इमिग्रेशनचं काय होईल ते विचारू. घाईनं फोन करून काही होणार नाहीये, रुचा. माणूस तर..."

"ती बाई वाट बघतेय, केदार."

"तीन महिने झालेत."

"म्हणूनच."

केदारनं तोंडावरून हात फिरवला. "आणि वरचा आवाज?" तो हळूच म्हणाला. त्याच्याकडे त्याचं कारण नाही, हे पहिल्यांदाच तो कबूल करत होता.

"सांगितलं की थांबेल," रुचा म्हणाली. तिचा त्यावर विश्वास होता. खोटं उघडं झालं की त्याचा त्रास संपतो, असं ती आयुष्यभर मानत आली होती.

शुक्रवारी सकाळी तिनं सिद्धेशला समोर बसवून सांगितलं, आज फोन करायचा. बू सुमीला तू स्वतः सांगायचं. मग तिकीट काढायचं आणि जायचं. मी येते बरोबर, हवं तर. तो एका शब्दानं वाद न घालता "बरं" म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा तो त्या दिवशी पोटभर जेवला.

७

बू सुमीकडे फोन नव्हता. गावातल्या किराणा दुकानदाराकडे मोबाइल होता, त्याचा नंबर सिद्धेशच्या वहीत होता. शुक्रवारी सव्वासहाला दोघं डायनिंग टेबलाशी बसली. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारचा माणूस पाइप घेऊन आपल्या गाडीवरचा पिवळा थर धूत होता. केदारचा वाटेतून फोन येऊन गेला होता, पुढे कुणाचा तरी अपघात झालाय, तासभर लागेल.

रुचानं कॉलिंग कार्डावरचे आकडे एकेक करून दाबले आणि फोन स्पीकरवर टाकला. बराच वेळ नुसती खरखर. मग रिंग. मग एका पुरुषाचा झोपाळू आवाज.

सिद्धेश त्यांच्या भाषेत बोलला. पलीकडचा माणूस ओळख पटल्यावर मोठ्यानं हसला, काहीतरी विचारत राहिला. मग चालण्याचा आवाज येऊ लागला.

"फोन घेऊन तिच्या घरी चाललाय," सिद्धेश म्हणाला.

दोघं ऐकत बसली. रबरी चपलांचा फटफट आवाज. कोंबडा. दूर कुठे मुसळासारखं काहीतरी धपधप. एक मोटरसायकल गेली. दहा हजार मैलांवर उजाडत होतं आणि ते रुचाच्या टेबलावर ऐकू येत होतं. चपलांचा आवाज थांबला. दुकानदारानं हाक मारली. तिथे आता अंगण असणार. रुचानं कान लावला. खराट्याचा आवाज कुठेच नव्हता. पाखरं, आणि बाकी शांतता.

एका बाईचा आवाज आला. मऊ, जरासा बसलेला.

सिद्धेशनं टेबलाची कड धरली आणि सांगायला सुरुवात केली. रुचाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी कुठे काय आलं ते कळत होतं. एका ठिकाणी त्याचा आवाज फुटला, तिथे ते पडले असणार. एका ठिकाणी तो फार भरभर बोलला, तिथे तो खाली आला असणार. मग तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, खांदे उडवत. पलीकडे ती बाई एका शब्दानंही मध्ये बोलली नाही.

तो थांबला. ती बोलायला लागली. सावकाश, एकसारखी. सिद्धेशचं रडणं मध्येच तुटलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, तिला माहीत आहे." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "मी परतलो त्याच दिवसापासून माहीत आहे. म्हणते, तू सांगशील म्हणून मी पाच दिवस वाट बघितली."

"कसं माहीत? कुणी सांगितलं?"

सिद्धेशनं विचारलं नाही. तो पुन्हा फोनकडे वाकून काहीतरी विनवत होता. एकच शब्द दोनतीनदा आला, आणि त्याबरोबर त्यानं हातानं झाडल्यासारखं केलं. थांबवा, म्हणत होता तो. आता झाडणं थांबवा.

पलीकडून बाईनं उत्तर दिलं, आणि तिच्या आवाजात आश्चर्य होतं.

सिद्धेश रुचाकडे वळला.

"म्हणते, तिनं त्या दिवसापासून खराटा हातात घेतलेला नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा झाले होते. वर, गॅरेजवरच्या खोलीत, सुरुवात झाली. खर्र… खर्र… खर्र.

फोनमध्ये पाखरं बोलत होती, कोंबडा आरवत होता, आणि त्या अंगणात कुणी झाडत नव्हतं.

८

बाई पुन्हा बोलू लागली होती. आता तिच्या आवाजात घरगुती काळजी होती. प्रवासाला निघालेल्या माणसाबद्दल बायका ज्या सुरात विचारतात त्या सुरात ती काहीतरी सांगत होती. रुचाला शब्द कळत नव्हते पण सूर ओळखीचा होता; बसला उशीर झाला की आई शेजारच्या काकूंशी तशीच बोलायची.

"ताई," सिद्धेश म्हणाला. "मी तिला पायाचं सांगितलं नव्हतं. पडले एवढंच सांगितलं."

"मग?"

"ती म्हणते, पाय मोडलाय, म्हणून चालायला वेळ लागतोय. तिनंच सांगितलं त्यांना, की पाहुण्याच्या मागून जा, न्यायला तोच येणार होता ना." त्यानं फोनकडे बोट केलं. "विचारते, पोचले का ते तुमच्याकडे?"

वरचं झाडणं थांबलं.

आजवर ते असं थांबलं नव्हतं. हळूहळू विरायचं. आज एक फटकारा अर्ध्यात राहिला, कुणी येताना दिसल्यावर झाडणारं माणूस हात थांबवून बाजूला होतं तसा.

रुचाची पाठ जिन्याकडे होती. सिद्धेशचं तोंड. त्याचे डोळे तिच्या खांद्यावरून मागे, वर गेले आणि तिथेच राहिले. तिला वळायचं नव्हतं. आपण वळलो नाही तर जे आहे ते जिन्यावरच राहील, असं काहीतरी वेडं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी ती वळली.

जिन्यावर कुणी नव्हतं. वरून चौथ्या पायरीवर, फिक्या गालिच्यावर, एका अनवाणी पायाचा करडा ठसा होता. रुंद पंजा, फाकलेली बोटं. एकाच पायाचा. त्याच्या बाजूला, दुसरा पाय जिथे असायला हवा, तिथे वरपासून ओढत आणलेला एक लांब करडा ओरखडा. वास आला, काडी विझवल्यासारखा.

उंदीर, तिचं डोकं म्हणालं. पाण्याचा डाग. केदारचे बूट. ती एकेक कारण शोधत होती आणि बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर त्याखालच्या पायरीवरचा गालिचा हळूच दबला, भार आल्यासारखा, आणि कठड्याचं लाकूड कुणी आधाराला धरल्यासारखं करकरलं.

फोनमध्ये बाईनं पुन्हा तेच विचारलं, जरा मोठ्यानं, लांबच्या माणसाला ऐकू जात नसेल म्हणून.

सिद्धेश उभा राहिला. त्यानं खुर्ची मागे सारली, नीट टेबलाशी लावली. उत्तर त्यानं तिच्या भाषेत दिलं नाही; ती भाषा त्या क्षणी त्याच्याजवळ उरलीच नसावी. जिन्यावरची नजर न काढता तो मराठीत म्हणाला,

"हो काकू. पोचले ते."